मोनोफोकल की मल्टिफोकल: मोतीबिंदूनंतर कोणती लेन्स?

मोतीबिंदू थेंबांनी किंवा गोळ्यांनी जात नाही. गढूळ झालेली नैसर्गिक लेन्स काढून कृत्रिम लेन्स बसवावी लागते. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये ती पहिल्यांदा बसवली. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेली लेन्स सरकवतात, ती आत उलगडते. पण घ्यायची कोणती?

मोनोफोकल एकाच अंतरासाठी असते. बहुतेक जण दूरचं निवडतात. मग बसची पाटी चष्म्याविना वाचता येते, औषधाच्या पाकिटावरच्या बारीक अक्षरांना मात्र चष्मा लागतोच.

मल्टिफोकल आत येणारा प्रकाश जवळच्या आणि दूरच्या अंतरांत वाटते. चष्मा बराच सुटतो, पण त्याची किंमत डोळाच मोजतो. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू शकतात, आणि मंद उजेडात काळसर जिन्याच्या पायरीची कड पटकन उठून दिसत नाही. मेंदूला हळूहळू सवय होते; काहींना तरी त्रास राहतो. म्हणून ज्यांना रात्री खूप गाडी चालवावी लागते, किंवा दृष्टिपटलाचा आजार वा वाढलेला काचबिंदू आहे, त्यांनी मोनोफोकलच घ्यावी असं मला ठामपणे वाटतं. महाग लेन्स म्हणजे चांगली नजर, हा समज मला फार खटकतो.

चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर टोरिक, म्हणजे तो नंबरही भरून काढणाऱ्या लेन्सबद्दल विचारा. ती दोन्ही प्रकारांत मिळते. पुढे लेन्समागचं पातळ आवरण धुरकट होणं दोन्हींत घडू शकतं, त्यावर काही मिनिटांचा लेझर पुरतो.