फायबर घेतल्यावर जुना आर्चर सी६: सात महिन्यांचा अनुभव

टीपी-लिंकचा आर्चर सी६ राऊटर घरात आधीपासून होता, केबलवाल्याच्या नेटवर छान चालायचा. मार्चमध्ये २०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, टेक्निशियन ओएनटीचा डबा (फायबरची वायर ज्यात येते तो, त्याचं स्वतःचं वायफाय असतं) हॉलमध्ये लावून म्हणाला, काका, तुमचा राऊटर आता ठेवून द्या. पण त्या डब्याची वायफाय आईच्या खोलीत पोचेचना, आणि तिचा रोज रात्री बहिणीशी व्हिडिओ कॉल असतो, म्हणून मी सी६ परत जोडला.

जोडला तर इंटरनेटचा लाईट केशरीच. दोन दिवस वायर काढ-घाल केली, मग सेटिंग उघडलं तर आत जुन्या केबलवाल्याचं पीपीपीओई, म्हणजे नेटसाठी लॉगिन करायची पद्धत, युजरनेम-पासवर्डसकट तसंच बसलेलं. लॉगिन आता ओएनटीच करतो, त्याच्या मागच्या राऊटरने परत करायचं नसतं. त्याजागी डायनॅमिक आयपी केलं, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) ओएनटीकडून आपोआप घ्यायचा, आणि लगेच नेट चालू.

तरी प्रिंटर काही सापडेना. प्रिंटर सी६ वर, लॅपटॉप ओएनटीच्या वायफायवर, म्हणजे एका घरात दोन वेगळी नेटवर्क झाली होती. सी६ ला ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय पसरवायचं) टाकलं की तो स्वतः आयपी वाटणं बंद करतो, सगळ्यांना ओएनटीच आयपी देतो. फक्त प्रिंटरला मी पूर्वी १९२.१६८.०.५० हा आयपी फिक्स करून ठेवलेला आणि ओएनटीची रेंज १९२.१६८.१ ची, तो ऑटोवर केला तेव्हा सुटलं.

सगळ्यात जास्त छळलं स्पीडने. सी६ वरून ९४ एमबीपीएसच्या वर जाईचना, दोन महिने मी राऊटरलाच दोष देत होतो, नवीन घ्यायच्याच बेतात होतो. खरं कारण ओएनटी आणि सी६ च्या मधली वायर, केबलवाल्याने टाकलेली तीच वापरली होती, आणि तिची पिन नीट बघितली तर आठपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या. चार तारांवर १०० च्या पुढे जात नाही, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. आठ तारांची कॅट ६ वायर टाकली, आता आईच्या खोलीत फाइव्ह गिगाहर्ट्झवर १९० च्या आसपास मिळतो, दाराआड थोडा कमी.

दोन्हींचं वायफाय नाव आणि पासवर्ड एकच ठेवलाय, २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल १ आणि ११, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत. नाव एकच असल्याने फोन आपणच एकावरून दुसऱ्यावर जातो, कधीकधी मात्र हॉलच्या सिग्नलला चिकटून राहतो, तेव्हा वायफाय बंद-चालू करावं लागतं.

एक काम बाकी आहे, ओएनटी इन्व्हर्टरवर आहे पण सी६ नाही, लाईट गेली की आईचा कॉल तुटतो. वायरमन रविवारी येतोय, तो प्लगही इन्व्हर्टरच्या लाईनवर घेणार आहे.