बेडरूम सजवायचं क्राफ्ट किट, रात्री गादी ओली होणाऱ्या मुलांसाठी

लेक ७ वर्षांची, अजून कधीकधी झोपेत शू होते म्हणून हे किट घेतलं. आत अंधारात चमकणारे चांदण्यांचे स्टिकर, दारावरची पाटी, रंग आणि एक तक्ता. चांदण्या सगळ्यात भारी, तिने स्वतः पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीवर खाली खाली रांग लावली आणि आता रात्री उठायला घाबरत नाही, एकटी जाऊन येते. फक्त झोपायच्या आधी त्यांच्यावर थोडा वेळ लाइट पडू द्या नाहीतर चमकत नाहीत, आणि गोंद अगदीच कच्चा, कोपरे लगेच सुटतात, वरून टेप लावावी लागली.

तक्ता मात्र अजिबात पटला नाही, गादी कोरडी राहिली तरच स्टार! अहो झोपेत होतं ते पोरांच्या हातात असतं का? आम्ही त्यावर कागद चिकटवला आणि दिवसा नीट पाणी प्यायलं, झोपताना बाथरूमला जाऊन आली की स्टार देतो, ती खूश. बाकी किटने शू थांबत नाही हं, बद्धकोष्ठ असेल किंवा बरेच महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं तर डॉक्टरांना दाखवाच.