हार्वेस्टरच्या हेडरचं काम करायचं असेल तर या गॅरेजला या, पण दसऱ्याच्या आधी

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय.

लातूर भागात भाड्यानं हार्वेस्टर चालवतो, १४ फुटी हेडर (म्हणजे पीक कापून आत घेणारं पुढचं तोंड), आधी सोयाबीन मग हरभरा. माझ्या मशीनचा त्रास असा की माल सारखा आत जायचाच नाही. सोयाबीन कापली की कटर बार (कापणाऱ्या पात्यांची पट्टी) आणि ऑगर (माल मधे ओढणारा आडवा स्क्रू) यांच्या मधे तशीच उभी गोळा व्हायची, एसटीच्या दारात गर्दी अडकते ना तशी, मग एकदम सगळा गठ्ठा फीडरमधे, म्हणजे माल मशीनच्या पोटात नेणाऱ्या भागात, इंजिन घुम्म, आणि परत थोडा वेळ रिकामं. बाकी गॅरेजवाल्यांनी बेल्ट घट्ट करून दिले, एक तर म्हणला मोठ्या इंजिनचं मशीन घ्या शेठ. इथल्या मिस्त्रींनी इंजिनकडं बघितलं पण नाही, पोतं टाकून सरळ हेडरखाली शिरले.

पहिलं काम ऑगरच्या बोटांचं. ही बोटं पुढच्या बाजूला पूर्ण बाहेर पाहिजेत म्हणजे कापलेला माल ओढतात, आणि फीडरच्या तोंडाशी आत गेली पाहिजेत म्हणजे माल सोडतात. माझी बोटं तिथं पण बाहेरच राहायची, त्यामुळं माल ऑगरला गुंडाळून परत पुढं यायचा. बाजूचा बोल्ट ढिला करून बोटांचा शाफ्ट जरासा फिरवला, वाकलेली बोटं आणि झिजलेली प्लास्टिकची बुशिंग बदलली, ऑगरच्या मागची पट्टी जवळ घेतली. बस एवढंच, आणि मालाची लाट निम्म्यावर आली.

मग रील, म्हणजे हेडरवर पुढं फिरणारं चक्र. आमच्याकडं ऑपरेटरला वाटतं रील जोरात फिरली की काम जोरात, पण वाळलेल्या सोयाबीनला रीलचा फटका बसला की शेंग तिथंच तडकते. मिस्त्रींचा हिशोब साधा, मशीन जेवढ्या वेगानं चाललीय त्याच्यापेक्षा रील १० ते २५ टक्केच जास्त, आणि मशीन ताशी ४-५ किलोमीटरच्या वर न्यायची नाही. रीलनं झाड फक्त अलगद मागं टेकवायचं, मारायचं नाही. कटर बारचे गोल झालेले गार्ड (ब्लेड ज्यातून सरकतं ते दात) पण बदलले कारण ब्लेड बोथट असेल तर झाड कापायच्या आधी हलतं आणि दाणे खाली.

रानात येऊन चेक करून दाखवलं हे मला सगळ्यात आवडलं. चालू मशीन थांबवून मागं घेतली, हेडर फिरलंय पण मागचं भुसकट पडलेलं नाही अशा जागेत एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून दाणे मोजले, त्यातून उभ्या पिकाखाली आधीच पडलेले वजा केले. चौकोनात ४० दाणे म्हणजे साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एकरी जवळपास २० किलो मातीत. शेतकरी बांधावर उभा असतो, त्याला हे दिसतं आणि पुढच्या वर्षी तो दुसरं मशीन बोलावतो.

आता एक स्टार कशाचा गेला. सीझन सुरू झाला की फोन उचलत नाहीत, नुसतं या या म्हणतात आणि गेलं की पुढं चार मशीन उभ्या. ब्लेड कंपनीचं सांगितलं होतं तर लोकल बसवलं, रिवेट लवकर ढिले झाले, बदलून दिले पण मजुरी परत लावली, हे काय पटलं नाही. पक्कं बिल पण मागून मागून मिळतं.

तरी हरभऱ्याच्या आधी परत नेणार. फुले विक्रमसारखा उंच हरभरा असेल तर अडचण नाही, पण बुटक्या वाणाचे घाटे खालीच लागतात, कटर बार जमिनीला घासूनच चालवावा लागतो आणि मग मातीची ढेकळं पण आत. त्याला हेडरखालच्या, जमिनीवर घसरणाऱ्या पाट्या बदलून घ्यायच्यात. जाताना हेडर धुऊन न्या, चिखलाचं हेडर ते हातात घेत नाहीत.