नॉनस्टॉप घ्यावं की मध्ये एक थांबा?

लंडन ते सिंगापूर सरळ अंतर साधारण १०,८५० किलोमीटर. दुबईला उतरून गेलात तर दोन्ही टप्पे मिळून ११,३०० च्या थोडं वर. म्हणजे वळसा जेमतेम पाचशे किलोमीटरचा, ताशी ९०० च्या आसपास उडणाऱ्या विमानाला अर्ध्या-पाऊण तासाचा. तरीही नॉनस्टॉपला तेरा-चौदा तास लागतात आणि दुबईमार्गे सोळा-सतरा सहज होतात. उरलेला वेळ दुसऱ्यांदा उतरण्यात, दुसऱ्यांदा चढण्यात आणि मुख्य म्हणजे विमानतळावरच्या खुर्चीत जातो. म्हणून दोन तिकिटांची तुलना करताना मी किलोमीटर बघतच नाही. थांबा वाटेवर आहे ना, एवढं नकाशावर पाहून घेतो. तेही सपाट नकाशावर नाही, पृथ्वीच्या गोलावर, कारण विमानाची जवळची वाट गोलावरच कळते.

नॉनस्टॉपची बाजू उघड आहे: एकदा बसलं की उतरायचं ते मुक्कामीच. सोबत लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील, किंवा पोचल्या पोचल्या काम असेल, तर चार पैसे जास्त गेले तरी हेच घ्यावं. फक्त तिकिटावरच्या ‘डायरेक्ट’ या शब्दाला भुलू नका. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक एकच. मध्ये ते उतरणारच नाही असं नाही. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचं क्यूएफ १ क्रमांकाचं विमान सिडनीहून लंडनला जातं ते सिंगापूरला उतरून.

नॉनस्टॉपचीही वेळ पक्की नसते. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठेक तास, परतताना सात किंवा त्याहून कमी. अंतर तेच, पण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा झोत, म्हणजे जेट स्ट्रीम, येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात तो आणखी जोरात वाहतो. वाट बंद झाली की अंतरही ताणतं. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आपल्या आकाशातून जायला मनाई केली आणि हेलसिंकी-टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं होती तिथेच आहेत!

थांब्याचं तिकीट बहुतेकदा स्वस्त, आणि ज्यांना सलग चौदा तास बसवत नाही त्यांना मधली पायपीट बरी वाटते. पण इथे खरा प्रश्न तिकिटाचा आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढची सोय कंपनी करते आणि बॅगाही सहसा थेट मुक्कामी जातात. दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवलेत तर चुकलेलं विमान तुमचं नशीब. शिवाय बॅग ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन, आणि त्यासाठी कधी कधी मधल्या देशाचा व्हिसाही. हा जुगार मी तरी खेळत नाही. एका तिकिटावर दोन-तीन तासांचा थांबा मला पुरेसा वाटतो. पन्नास मिनिटांचा थांबा वेबसाइट विकते खरी, पण टर्मिनल बदलायचं असेल तर धावपळ ठरलेली.

शेवटी एकूण तास मोजायचे. तिकिटावरच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा त्या-त्या शहराच्या घड्याळाच्या असतात. वजाबाकी केली तर हमखास चुकेल. कंपनीने दिलेला ‘एकूण कालावधी’ घ्या आणि विमानतळ गाठण्याचा वेळ वर धरा. थांब्याने फरक तीन-चार तासांचाच पडत असेल आणि तिकीट एकच असेल, तर मी थांबा घेतो. सहा-सात तासांचा पडत असेल तर नॉनस्टॉप.