अकरा, सोळा, सतरा वर्षांनी परतलेले तिघे: आधी कुणाला ऐकायचं?

टेक्नोतल्या, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या नृत्यसंगीतातल्या, जुन्या खोडानं मोठ्या खंडानंतर अल्बम काढला की आपण चाहते दोन उलट गोष्टी मागतो: आवाज तोच हवा, पण तेच ते नको. माझ्याकडे असे तीन अल्बम आहेत. एका संध्याकाळी एकच ऐकणार असाल, तर कुठला?

‘प्लॅस्टिकमन’ हे रिची हॉटिनचं टोपणनाव. २००३ चा ‘क्लोजर’ आणि २०१४ चा ‘ईएक्स’ यांच्यात अकरा वर्षं गेली. हे संगीत नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात प्रत्यक्ष वाजवलं गेलं आणि तेच पुढे अल्बम म्हणून आलं. ट्रॅक सात, आणि सगळ्यांची नावं ‘ईएक्स’नंच सुरू होतात (हा खेळ तिसऱ्या नावापर्यंतच गमतीचा वाटतो). ‘क्लोजर’मध्ये खाली ओढलेला, घोगरा आवाज कानाशी बोलत राहायचा. इथे ती कुजबुज नाही, नुसता अवकाश आणि किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका. रचना नेटकी आहे, पण जुन्या प्लॅस्टिकमनमधली अस्वस्थता मला त्यात कमी सापडते.

हुआन ॲटकिन्सची गोष्ट वेगळी. त्याच्या ‘मॉडेल ५००’ या टोपणनावाचं पहिलं रेकॉर्ड, ‘नो यूएफओज’, १९८५ चं. ते त्याच्याच डेट्रॉइटच्या मेट्रोप्लेक्स या रेकॉर्ड लेबलवर आलं. १९९९ च्या ‘माइंड अँड बॉडी’नंतर पुढचा अल्बम ‘डिजिटल सोल्यूशन्स’ थेट २०१५ मध्ये, तोही मेट्रोप्लेक्सवरच. इथे सरळ धोपटणाऱ्या किकपेक्षा इलेक्ट्रो या यांत्रिक नृत्यसंगीताची तुटक चाल आणि यंत्रातून गाळलेला माणसाचा आवाज जास्त भेटतो. अल्बम सलग ऐकताना मी मधे कंटाळतो, हे कबूल. पण जिथे जमलंय तिथे पाय थांबत नाहीत.

मला खरं बोलायचंय ते ‘गॅस’बद्दल. जर्मनीतल्या कोलोनचा वोल्फगांग फोइग्ट २००० च्या ‘पॉप’नंतर ‘गॅस’ या टोपणनावानं नवा अल्बम घेऊन आला तो २०१७ मध्ये: ‘नार्कोपॉप’. ट्रॅकना नावं नाहीत, फक्त आकडे. कोलोनजवळच्या क्योनिग्सफोर्स्ट जंगलाचं नाव त्यानं आधीच्या एका अल्बमलाच दिलं होतं, आणि ऐकतानाही तसंच होतं: तंतुवाद्यांचे धूसर, फिरून फिरून येणारे लूप झाडीसारखे दाटतात आणि त्यांच्या पलीकडे, कुठेतरी भिंतीआड, एक किक धपधपत राहते. ‘पॉप’ उजळ होता. ‘नार्कोपॉप’मध्ये तंतुवाद्यं जास्त भव्य, काही ठिकाणी धमकीसारखी. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र लावू नका. मी एकदा लावला, तर किक पार गायब आणि उरला नुसता उदास वाद्यवृंद. हेडफोनवर तोच ट्रॅक पुन्हा ऐकला तेव्हा ती धपधप आधी छातीत जाणवली, मग कानाला कळली.

तिघांत अल्बम म्हणून ‘नार्कोपॉप’ उजवा, यात मला शंका नाही. तरी टेक्नो नव्यानं ऐकणाऱ्याला मी तो आधी देणार नाही, कारण नाचायची सोय त्यात जवळजवळ नाहीच. त्याच्या हातात ‘डिजिटल सोल्यूशन्स’ द्यावा, आणि सोबत ‘नो यूएफओज’. तीस वर्षांच्या अंतरावरची ती दोन टोकं लागोपाठ ऐकली की काय टिकलं ते लगेच कळतं. ‘ईएक्स’ घ्यायचा तर आधी ‘क्लोजर’ ऐका. तो आवडला नाही, तर पैसे वाचवा.