ग्लेनफिडिक १२: बाटली संपत आल्यावर लिहिलेला अनुभव

बाटली तळाला आली आहे आणि ही व्हिस्की आत्ता कुठे मला मनापासून आवडायला लागली आहे, म्हणून लिहायला बसलो. बूच उघडल्या उघडल्या लिहिलं असतं तर एका ओळीत आटपलं असतं: गोडसर, सौम्य, कुणालाही चालेल अशी. आज तेवढ्यावर भागत नाही.

बारा वर्षं, बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि शेरी (स्पॅनिश वाइन) यांची वापरलेली पिंपं, त्रिकोणी हिरवी बाटली, हे सगळ्यांना माहीत आहे. स्कॉटलंडमधल्या डफटाउन गावच्या या मंडळींनी १९६३ पासून आपली व्हिस्की सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातली, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची) म्हणून स्कॉटलंडबाहेर नेटाने विकायला सुरुवात केली. बाकीच्यांचा बहुतेक माल तेव्हा ब्लेंडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कारखान्यांच्या मिश्र व्हिस्कीत, जात होता. त्यामुळे अनेकांची पहिली सिंगल माल्ट हीच असते, आणि चार बाटल्या पुढे गेलेले लोक तिला नवशिक्यांची म्हणून बाजूला सारतात. हे मला अजिबात मान्य नाही. जे सगळीकडे मिळतं ते सामान्यच असणार, असा हिशेब नसतो.

या व्हिस्कीचा सगळा जीव नासपतीत आहे. ताज्या उघडलेल्या बाटलीत अल्कोहोलची झणझण आधी नाकात शिरते आणि फळ मागे राहतं. ग्लासात ओतून दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. मग तोंड किंचित उघडं ठेवून हलकेच वास घ्या. आधी हिरवं सफरचंद येतं, त्याच्या मागून पिकलेली, देठाजवळ मऊ पडलेली नासपती. हा वास मुख्यतः लाकडाचा नाही. आंबवताना यीस्ट जी एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाची संयुगं, तयार करतं, त्यांचा आहे. म्हणजे पिंपात जायच्या आधीच त्याची पायाभरणी झालेली असते. व्हॅनिला मात्र पिंपाचा. अमेरिकेत बर्बनला आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंपच लागतं, असा कायदा आहे, त्यामुळे तिथली एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला येतात आणि त्यांच्यातून हा गोडवा उतरतो. शेरीच्या पिंपाचं म्हणाल तर मनुकांचा अंश शेवटी जेमतेम जाणवतो. शेरीसाठी म्हणून ही बाटली घेऊ नका.

पाण्याबद्दल माझं मत मधेच फिरलं. सुरुवातीला मी काहीही न मिसळता घेत होतो, पाणी म्हणजे पातळ करणं असं धरून. मग चमच्याच्या टोकावरून दोन-तीन थेंब सोडायला लागलो आणि झणझण खाली बसून फळ वर आलं. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली संगणकावर याचाच अभ्यास केला होता. ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू मिश्रण सौम्य असताना पृष्ठभागाजवळ राहतो आणि अल्कोहोल वाढलं की आत दडतो, असं त्यांना दिसलं. ग्लेनफिडिकमध्ये धूर नाही, म्हणून तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावणार नाही. पण नाकाला फरक कळतो, हे नक्की. बर्फाचं उलट आहे: गारव्याने वास दबतो, आणि वास गेला की या व्हिस्कीत फारसं उरत नाही. बारा वर्षं मुरवलेल्या मालाचे जादा पैसे मोजायचे आणि वर ग्लासभर सोडा ओतायचा, ही उधळपट्टी मला बघवत नाही. सोड्याबरोबरच घ्यायची असेल तर चांगली ब्लेंड घ्यावी, ती त्यासाठीच जमवलेली असते.

आता माझी तक्रार, आणि ती एंट्री लेव्हलच्या जवळजवळ सगळ्याच माल्टबद्दल आहे: ४० टक्के अल्कोहोल. स्कॉचसाठी कायद्याने ठरवलेली ही किमान मर्यादा, आणि बहुतेक जण बरोबर तिथेच येऊन थांबतात. पिंपात भरताना ताकद साधारण ६३.५ टक्के असते, म्हणजे बाटलीत येईपर्यंत बरंच पाणी आधीच पडलेलं असतं. मग मी किती थेंब घालायचे? तीन थेंबांनी नासपती फुलते, चमचाभर पडलं की जिभेवरचं अंगच जातं आणि चव घशाशी पोचण्याआधी संपते. हीच व्हिस्की ४६ टक्क्यांना मिळाली तर पाण्याचं प्रमाण पिणारा ठरवेल. शिवाय ४६ च्या खाली व्हिस्की गार झाली की गढुळते, म्हणून बहुतेक ठिकाणी ती आधीच गार करून गाळतात आणि त्यात तेलकट, तोंड भरणारे घटक थोडे निघून जातात. दिसायला स्वच्छ राहावी म्हणून चवीतलं काही काढून घ्यायचं, हे मला पटत नाही. रंगाचंही तसंच. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे, तेव्हा गडद दिसते म्हणून जुनी असेल, असं समजू नका. ४६ टक्क्यांसाठी मी जास्त पैसे द्यायला तयार आहे, आणि खर्चाच्या बाबतीत माझा हात आखडता आहे, हे जाणून सांगतो.

बाटली अर्धी झाल्यावर चव सुधारली, असं मला स्पष्ट जाणवलं. झणझण निवली, मधाळपणा वाढला. पण पाऊण रिकामी झाली की आत हवा फार होते आणि फळ विझायला लागतं. उरलेली व्हिस्की मी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवली आणि नासपती टिकली. बाटली अंधारात आणि उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर इतकं तीव्र अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. ग्लास वर निमुळता होणारा हवा. पसरट तोंडाच्या ग्लासातून नासपती केव्हाच उडून जाते.

धूर आवडणाऱ्यांनी इथे थांबू नये, त्यांनी सरळ स्कॉटलंडच्या आयला (Islay) बेटावरच्या धुरकट लाफ्रोएग १० कडे जावं. बाकी कुणाची पहिली सिंगल माल्ट असेल तर हीच घ्या, आणि पहिल्या पेगवरून निकाल देऊ नका. माझी पुढची बाटलीही हीच असेल, ४० टक्क्यांवरचा राग कायम ठेवून.