स्वतःच्या पत्त्याने लॉग-इन : वर्डप्रेसचं इंडीऑथ प्लगइन, दोन वर्षांच्या वापरानंतर

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर बघायला मी आणि सर गेलो होतो. सर निवृत्त इतिहास शिक्षक आहेत. जुन्या विहिरी आणि बारवांचा आमचा ब्लॉग आम्ही दोघं मिळून लिहितो. नोंद जागेवरच करायची, घरी येऊन आठवून लिहायची नाही, हा सरांचा आग्रह. म्हणून पायऱ्यांवर बसून मी फोनवर क्विल, म्हणजे ब्लॉगवर बाहेरून नोंद पाठवायचं वेबवरचं साधन, उघडलं आणि त्यात आमच्या साइटचा पत्ता टाकला. पान बदललं आणि समोर आमच्याच वर्डप्रेसची, म्हणजे ज्यावर आमचा ब्लॉग चालतो त्या सॉफ्टवेअरची, लॉग-इनची चौकट आली. सर वाकून बघत होते. म्हणाले, "ताई, हे तर फिरून आपल्याच दारात आणून सोडतंय."

इंडीऑथ म्हणजे नेमकं हेच. बाहेरचं ॲप विचारतं, तुम्ही कोण? तुम्ही ईमेल देत नाही, मोबाइल नंबर देत नाही, गूगलचं बटण दाबत नाही. फक्त आपल्या साइटचा पत्ता सांगता. ते ॲप तुमचं मुखपृष्ठ वाचतं, ओळख पटवायची सोय कुठे आहे ते त्यातल्या एका दुव्यावरून शोधतं आणि तुम्हाला तिथे पाठवतं. हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बसवलेलं असेल तर ती सोय तुमच्याच साइटवर असते. पासवर्ड तुम्ही तुमच्याच साइटला देता, परवानगी देता, आणि ॲपच्या हाती फक्त एक टोकन, म्हणजे परवानगीची खूण म्हणून चालणारा सांकेतिक मजकूर, जातं. तुमचा पासवर्ड त्याला कधीच दिसत नाही.

प्लगइन फुकट आहे, वर्डप्रेसच्या अधिकृत साठ्यात मिळतं. इंडीवेब नावाची जी स्वतंत्र संकेतस्थळवाल्यांची चळवळ आहे, तिच्यातले वर्डप्रेस वापरणारे लोक ते सांभाळतात. ज्या पद्धतीवर ते चालतं ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ॲरन पारेकी यांनी पुढे आणली, आणि 2018 च्या जानेवारीत डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेने ती नोंद म्हणून प्रसिद्ध केली. आतलं तंत्र ओऑथ 2.0 चं, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या "आमच्या खात्याने आत या" बटणांमागे असतं तेच. फरक एवढाच की मधला मध्यस्थ तुम्ही स्वतः असता.

मला या गोष्टीची एवढी ओढ का, ते सांगते. कारण ही कल्पना मी एकदा गमावलेली आहे.

2005 मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेच्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ओपनआयडी काढलं. तेव्हाही विचार हाच होता: तुमची ओळख म्हणजे तुमचा वेबपत्ता. वर्डप्रेससाठी विल नॉरिस यांचं ओपनआयडी प्लगइन होतं. कुणाच्या लेखाखाली प्रतिक्रिया लिहिताना "संकेतस्थळ" या रकान्यात आपला पत्ता टाकायचा, आणि तो पत्ता खरंच आपलाच आहे हे त्या लेखकाला पडताळून कळायचं. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचं स्टॅक ओव्हरफ्लो 2008 मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात शिरायला ओपनआयडीच लागायचं. मला ते दिवस फार आशेचे वाटत. वाटायचं, आता प्रत्येक ठिकाणी नवं खातं काढायला नको.

ओपनआयडीत एक फार शहाणी सोय होती. आपल्या मुखपृष्ठाच्या शीर्षभागात दोन ओळी टाकल्या की तुमचा पत्ता तुमचाच राहायचा आणि पडताळणीचं काम मात्र दुसरी एखादी सेवा करायची. ती सेवा बुडाली तर त्या दोन ओळी बदलायच्या, पत्ता तोच. मी त्या ओळी टाकल्या नाहीत. ज्यांच्याकडे ओपनआयडी काढला होता त्यांचाच पत्ता सगळीकडे वापरला, कारण तो तयार मिळत होता. पुढे त्यांनी सेवा बंद केली. दोन-तीन ठिकाणची माझी खाती त्या पत्त्याला बांधलेली होती, ती कायमची गेली. एका ठिकाणी आजीकडून ऐकलेल्या, गावच्या विहिरीवरच्या ओव्या मी प्रतिक्रियांमध्ये लिहिल्या होत्या. आजही तिथे त्या दिसतात. पण त्यातली एक ओळ चुकली आहे, आणि ती मला दुरुस्त करता येत नाही.

एकटी मीच नव्हते. ओपनआयडी देणारी मायओपनआयडी ही सेवा 2014 च्या फेब्रुवारीत बंद झाली. गूगलने जुनं ओपनआयडी 2015 च्या एप्रिलमध्ये थांबवलं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने पर्सोना नावाचा ईमेलवर चालणारा चांगला प्रयत्न केला होता, तोही 2016 च्या नोव्हेंबरअखेर संपला. ओपनआयडी कनेक्ट नावाने पुढची पिढी 2014 मध्ये आली आणि आज ती सगळीकडे आहे, पण व्यवहारात तिथे तुमची ओळख बहुतेक वेळा कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या खात्याला बांधलेली असते. ओळख पटवून द्यायला सगळ्या मोठ्या कंपन्या तयार होत्या. दुसऱ्याने पटवलेली ओळख मान्य करायला फार थोड्या. ओपनआयडी मागे पडायचं हे एक मोठं कारण, असं मला वाटतं.

म्हणून इंडीऑथ बसवताना मी पहिल्या दिवशीच ठरवलं की आता उधारीचा पत्ता नाही.

बसवणं सोपं आहे. सक्रिय केलं की मुखपृष्ठावर लागणारे दुवे ते आपोआप घालतं. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, हवी, पण ते आता बहुतेकांकडे असतंच. सेटिंग्जमध्ये एक गोष्ट मात्र आवर्जून बघा. ब्लॉगवर एकाहून जास्त लेखक असतील, तर साइटच्या मूळ पत्त्याने कुणाची ओळख धरायची ते तिथे निवडावं लागतं. आमच्याकडे ती माझी आहे. सर त्यांच्या लेखकपानाच्या पत्त्याने आत येतात. आम्ही हे आधी लक्षात घेतलं नव्हतं आणि सरांची एक नोंद माझ्या नावावर पडली. सर काही बोलले नाहीत, पण मला वाईट वाटलं. ती बारव त्यांनी तीन वेळा जाऊन मोजलेली होती.

खरा त्रास हेडरचा, म्हणजे ॲपच्या विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीचा. ॲपला टोकन मिळालं, पण नोंद पाठवली की दर वेळी "परवानगी नाही" असं उत्तर यायचं. टोकन ज्यातून जातं तो ऑथरायझेशन नावाचा हेडर आमच्या होस्टिंगवाल्यांच्या सर्व्हरवर पीएचपीपर्यंत, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिच्यापर्यंत, पोचतच नव्हता. अपाचे सर्व्हर सीजीआय पद्धतीने पीएचपी चालवत असेल तर तो हेडर मधेच गळतो. होस्टिंगवाल्यांच्या मदतकक्षाला मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा कॅशे साफ करा, एवढंच उत्तर आलं. उलगडा झाला तो प्लगइनमुळेच. वर्डप्रेसच्या साइट हेल्थच्या पानावर हे प्लगइन स्वतःची एक चाचणी जोडतं, आणि हेडर पोचत नसेल तर तसं स्वच्छ सांगतं. डॉट एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या सूचनांच्या फाइलमध्ये तो हेडर पुढे ढकलणारी एक ओळ घातली आणि दोन आठवड्यांची अडचण मिनिटभरात मिटली. प्लगइन करणाऱ्यांनी ही चाचणी घातली याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत. दुसऱ्याच्या सर्व्हरचा दोष आपलाच समजून त्यावर उपाय देणारे फार थोडे असतात.

तुमच्याकडे एखादं सुरक्षेचं प्लगइन असेल आणि त्यात बाहेरच्यांसाठी रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या ॲपनी वर्डप्रेसशी बोलायची वाट, बंद करून ठेवलेलं असेल, तर इंडीऑथ चालणार नाही. त्याचे सगळे दरवाजे तिथूनच उघडतात.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. लॉग-इन झाल्यावर परवानगीचं पान येतं. वर ॲपचं नाव, खाली त्याने काय काय मागितलंय त्याची यादी: नवी नोंद करणं, असलेली बदलणं, पुसणं, फोटो चढवणं. प्रत्येकासमोर खूण करायची चौकट असते आणि नको ती खूण काढता येते. मी नवी नोंद आणि फोटो एवढंच ठेवते. बदलणं आणि पुसणं घरी संगणकावर, शांतपणे. फोनवर एखादं ॲप पहिल्यांदा उघडलं की ते परवानग्यांचा गठ्ठा मागतं आणि आपण "हो" म्हणून मोकळे होतो. इथे मी प्रत्येक ओळ वाचते, कारण ते माझ्या साइटचं पान असतं.

लिहिण्यासाठी सोबत मायक्रोपब नावाचं दुसरं प्लगइन लागतं, कारण इंडीऑथ फक्त ओळख पटवतं. मायक्रोपब हे 2017 पासूनचं डब्ल्यूथ्रीसीचं मानक आहे, आणि क्विल हे पारेकी यांनीच केलेलं त्याचं वेबवरचं साधन. मायक्रोपबच्या सेटिंगमध्ये येणारी नोंद थेट प्रसिद्ध न करता मसुदा म्हणून ठेवता येते. आमचं सगळं मसुद्यातच येतं. सर तारखा तपासतात, मग ते बाहेर जातं.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक सांगणं आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून नोंदीचा पत्ता बनवतं, आणि त्या पत्त्याला 200 जागांची मर्यादा आहे. देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवताना नऊ जागा खातं. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण बावीस चिन्हं झाली की पत्ता तिथेच तुटतो. "लिंब गावची बारा मोटांची विहीर" एवढंसुद्धा त्यात पूर्ण मावत नाही. क्विलमध्ये स्लगसाठी, म्हणजे नोंदीच्या पत्त्याच्या या शेवटच्या भागासाठी, वेगळी चौकट आहे. मी तिथे रोमन अक्षरांत छोटा पत्ता स्वतः लिहिते. देवनागरीत पत्ता ठेवायची हौस मलाही आहे, पण अर्धवट तुटलेला पत्ता बघवत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. ही ओळख मान्य करणारी ठिकाणं मोजकी आहेत. इंडीवेबच्या विकीवर आपल्या डोमेनने, म्हणजे साइटच्या पत्त्याने, आत जाता येतं, लिहायची आणि वाचायची काही साधनं आहेत, पण मी रोज वाचते त्या मराठी ब्लॉगांपैकी एकावरही ही सोय मला दिसलेली नाही. ज्याला फक्त वर्डप्रेसमध्ये शिरून लेख लिहायचा आहे त्याने हे बसवू नये, त्याला याचा काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे सेटिंग्जच्या पानावरची भाषा. एंडपॉइंट, स्कोप, टोकन हे शब्द सरांना समजावताना मला कागदावर चित्रं काढावी लागली. एकदा कळल्यावर ते कुठे अडले नाहीत. पण समजावणारं कुणी जवळ नसेल तर माणूस पहिल्याच पानावर परत फिरेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

डोमेनचं नूतनीकरण तर या सगळ्याचा पाया आहे. पत्ता हीच ओळख असेल तर पत्ता गेल्यावर ओळखही गेली, आणि तो पत्ता पुढे जो कुणी घेईल तो तुमच्या नावाने उभा राहू शकेल. ओळखीच्या एका कवींचं डोमेन असंच निसटलं. मुदत संपल्याच्या सूचना ज्या ईमेलवर जात होत्या तो त्यांनी वापरणं सोडलं होतं. महिन्याभरात त्यांच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती लागल्या. मी तेव्हापासून एकदम पाच वर्षांचे पैसे भरते, आणि आमच्या ब्लॉगच्या खात्यावर सरांचाही ईमेल ठेवते.

गेल्या दिवाळीच्या गर्दीत पुण्याहून येताना एसटीत माझा फोन गेला. घरी पोचेपर्यंत डोक्यात बँक, सिमकार्ड, फोटो हेच चाललं होतं. रात्री सगळं बंद करून झाल्यावर ब्लॉग आठवला. वर्डप्रेसमध्ये सदस्यांच्या विभागात टोकनं सांभाळायचं पान आहे, ते उघडलं. तिथे फोनवरच्या क्विलचं टोकन एका ओळीत, संगणकावरचं दुसऱ्या ओळीत, दोन्ही वेगवेगळी. फोनचं रद्द केलं. पासवर्ड बदलावा लागला नाही, कारण तो फोनमध्ये कधी साठवलेलाच नव्हता. संगणकावरचं काम सुरूच राहिलं, आणि सरांना सकाळी मी सांगेपर्यंत काही कळलंसुद्धा नाही. ते त्या वेळी मसुद्यातल्या एका शिलालेखाचं वाचन दुरुस्त करत होते.